जनावराचं औषध मिळतं, त्याचा कागद मिळत नाही



मक्याला दुसरं पाणी देऊन झालं. मुरघासाच्या बॅगांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, ते पुढच्या नोंदीत लिहितो. आज विषय गोठ्याचाच आहे, पण गोठ्यापासून पंधरा किलोमीटर लांबचा. तालुक्याच्या गावी मेडिकलच्या काउंटरमागं जी पोरंपोरी उभी असतात, किंवा डी. फार्म. करून दोन वर्षांनी उभी राहणार आहेत, त्यांचा.

जनावराचं औषध आपल्याकडं येतं कुठून? सरकारी दवाखान्यात शिल्लक असलं तर तिथून. खाजगी डॉक्टर आले तर त्यांच्या बॅगेतून. बाकी सगळं मेडिकलमधून. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, नाहीतर फोनवर नाव सांगतात, आपण गाडीला किक मारतो आणि अर्ध्या तासात बाटली गोठ्यात. डॉक्टर त्या वेळी तिसऱ्याच गावात अडलेल्या म्हशीपाशी असतात. म्हणजे बाटली आणि गाय यांच्यामधलं शेवटचं शिकलेलं माणूस कोण, तर काउंटरवरचं. त्याच्यापुढं आपण आणि आपली सिरिंज.

कायद्याला हे माहीत नाही असं कुणी समजू नका. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं चिठ्ठीवरचं औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला दिलाय, आणि त्या कायद्यात चिठ्ठी लिहिणाऱ्यांमध्ये जनावरांचे डॉक्टरही धरलेत. १९४५ च्या औषध नियमांत तर आणखी बारकाईनं लिहिलंय. जनावराच्या औषधाच्या लेबलवर ते माणसासाठी नाही, फक्त जनावरासाठी आहे असं ठळक पाहिजे आणि पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र पाहिजे. दुकानात ते औषध वेगळ्या कपाटात किंवा खणात ठेवलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाइकाला जाता येणार नाही अशा वेगळ्या भागात. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गेलात की बघा, कपाट असतं. आमच्याकडं कोपऱ्यात आहे, त्याच्यावर कॅलेंडर लावलंय.

आता ज्यानं ते कपाट उघडायचं, त्याला आत काय आहे हे कुठं शिकवलं जातं?

माझ्या चुलतभावाची मुलगी डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हुशार पोरगी. सुट्टीत घरी आली की गोठ्यात येते. आमच्या एका गाईला दगडी झाली होती, डॉक्टरांनी सडात सोडायच्या ट्यूबा आणि एक इंजेक्शन लिहून दिलं होतं. मी सहज म्हणलं, हे तुला शिकवलंच असेल की. ती म्हणाली, "नाना, आमच्या पुस्तकात गाय नाहीच."

मला वाटलं पोरगी थट्टा करतीय. मग तिनं विषयांची यादीच दाखवली. फार्मसी कौन्सिलच्या २०२० च्या नियमांप्रमाणं हा अभ्यासक्रम चालतो. पहिल्या वर्षी फार्मास्युटिक्स, केमिस्ट्री, फार्माकॉग्नोसी, सोशल फार्मसी, आणि शरीररचनेचा जो विषय आहे त्याच्या नावातच ‘ह्यूमन’. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी, कम्युनिटी फार्मसी, बायोकेमिस्ट्री, फार्माकोथेरप्युटिक्स, हॉस्पिटल फार्मसी, कायदा. जनावराच्या औषधाचा स्वतंत्र विषय नाही. कायदा शिकताना त्या वेगळ्या कपाटाचा नियम मात्र पाठ करायचा. मला तर हे, गोठ्याची किल्ली देऊन आत बैल आहे का म्हैस हे न सांगण्यासारखं वाटलं.

यावर कुणी म्हणेल, औषध ते औषध, माणूस काय नि गाय काय. वजनाप्रमाणं डोस वाढवला की झालं. नाही होत. गाईच्या पोटात चार कप्पे असतात आणि पहिल्या मोठ्या कप्प्यात, रुमेनमध्ये, कोट्यवधी जिवाणू वैरण पचवत असतात. माणसाच्या तापाच्या अँटिबायोटिक कॅप्सूल मूठभर पेंडेत घालून चारल्या तर ते जिवाणूच मरतात आणि गाय रवंथ सोडते. झायलाझिन नावाचं गुंगीचं औषध घोड्याला जेवढं लागतं, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास गाईला पुरतं, कारण गाय त्याला फार नाजूक. कोंबड्यांच्या खाद्यातलं मोनेन्सिन घोड्यानं खाल्लं तर घोडा मरू शकतो. आपल्याला साधी वाटणारी पॅरासिटामॉल मांजराला मारते. यातलं काहीच वजनाच्या त्रैराशिकानं कळत नाही. वाचावं लागतं.

आणि त्रैराशिक तरी जमतंय का बघा. मेलॉक्सिकॅम घ्या, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. माणसाची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलीग्रॅमची. गाईला किलोमागं अर्धा मिलीग्रॅम, म्हणजे ४०० किलोच्या गाईला २०० मिलीग्रॅम. एका मिलीत ५ मिलीग्रॅम असलेली बाटली असेल तर ४० मिली भरायचं. आता डॉक्टरांनी सांगितलेल्या कंपनीची बाटली दुकानात नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, तेच औषध आहे, दुसरी कंपनी. ती समजा एका मिलीत २० मिलीग्रॅमची निघाली. आपण डॉक्टरांचे शब्द लक्षात ठेवून ४० मिलीच भरलं, तर गाईत ८०० मिलीग्रॅम गेलं. चौपट. नाव तेच, बाटली जवळपास तशीच. हा फरक पकडायचं काम डॉक्टरांचं नाही, ते तिथं नसतात. शेतकऱ्याचं नाही, त्याला बारीक अक्षरातलं इंग्रजी वाचता येत नाही. ते काम फार्मासिस्टचंच आहे, त्यासाठीच त्याला दोन वर्षं शिकवतात. पण गाईचा नेहमीचा डोस किती हे त्यानं आयुष्यात कुठं वाचलेलंच नसेल, तर ८०० हा आकडा त्याला खटकणार कसा?

तर ती पोरगी वाचायला निघाली. तिला प्रोजेक्टसाठी विषय पाहिजे होता, तिनं हाच घेतला: आपल्या तालुक्यात विकली जाणारी जनावरांची औषधं आणि त्यांची माहिती. पुढचे दोन महिने तिचे जे हाल झाले, ते बघून मी ही नोंद लिहायला बसलोय.

कॉलेजच्या ग्रंथालयात नॅशनल फॉर्म्युलरी आहे. ती माणसांची. इंडियन फार्माकोपिया आहे, जुनी आवृत्ती. त्यात जनावरांच्या औषधांचे भाग आहेत, पण ते शुद्धता कशी तपासायची याचे. गाईला किती द्यायचं, गाभण असेल तर चालेल का, दूध किती दिवस सोडायचं नाही, हे सांगायचं ते पुस्तकच नाही. मग ती एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. एसटीनं जायला साडेतीन तास. ओळखपत्र बघून सांगितलं, आमच्या विद्यार्थ्यांनाच बसता येतं, प्राचार्यांचं पत्र आणा. पत्र घेऊन गेली तर ते पत्र चालत नाही, विद्यापीठाकडून परवानगी पाहिजे. मग तिनं एका कंपनीला मेल केला, तुमच्या अमुक इंजेक्शनचं माहितीपत्रक पाठवा. उत्तर आलं, ते फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकांसाठी आहे.

हे शेवटचं मला फार लागलं. इंजेक्शन पोरीला विकता येतं, मला विकत घेता येतं, माझ्या गाईत टोचता येतं. फक्त त्याच्याबद्दल वाचता येत नाही.

तुम्ही म्हणाल, खोक्यात कागद असतोच की. असतो. मोठ्या खोक्यात एक. बोलस पट्टीनं विकतात, ट्यूबा सुट्या विकतात. दहा शेतकऱ्यांना दहा ट्यूबा जातात आणि कागद रिकाम्या खोक्याबरोबर रद्दीत जातो. जो हातात येतो तो घडी घालून काडेपेटीएवढा, अक्षर मुंगीएवढं, भाषा इंग्रजी. भिंग घेऊन मी एक वाचायचा प्रयत्न केला. औषध किती चांगलं आहे हे वरच्या अर्ध्या भागात, आणि कधी देऊ नये हे शेवटच्या दोन ओळींत.

त्या शेवटच्या ओळींतच सगळं असतं हो. गाय माजावर आणायला जे प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात ते कातडीतून शरीरात जातं. गरोदर बाईनं आणि दम्याच्या माणसानं ते हाताळताना फार जपायचं असतं. आपल्याकडं डॉक्टरांच्या हाताखाली सिरिंज धरायला, सांडलेलं पुसायला कोण असतं? घरची सून असते. टिल्मिकोसिन नावाचं अँटिबायोटिक चुकून माणसाला टोचलं गेलं तर हृदय बंद पडून माणूस दगावू शकतो. उधळलेल्या बैलाला सुई मारताना हात हलतो, हे काय शेतकऱ्याला सांगायला पाहिजे? बाटली हातात देताना हे एक वाक्य कुणीतरी बोललं पाहिजे, आणि बोलायचं तर त्याला ते माहीत पाहिजे.

आता दुधाचं. २०१२ साली नियमात सुधारणा झाली. खाण्याच्या जनावरांच्या औषधावर, औषध दिल्यावर किती दिवस दूध, अंडी, मांस वापरायचं नाही तो काळ छापला पाहिजे. आणि त्या औषधाचा असा काळ तपासून ठरवलेला नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी कमीत कमी ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस धरायचे. चांगला नियम आहे. हिशोब करा मात्र: १४ लिटरची गाय, ७ दिवस, ९८ लिटर. ३० रुपयांनी धरलं तरी २,९४० रुपये ओतून द्यायचे. हे कुणालाच ऐकायला आवडत नाही, म्हणून कुणी सांगत नाही, आणि दूध सरळ डेअरीला जातं. ज्या घरात विरजण लागलं नाही म्हणून बाई दुधाला नावं ठेवते, तिथं कधी कधी दूध नासकं नसतं, त्यात अँटिबायोटिक असतं. दह्याचे जिवाणू त्यानं मरतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ च्या देशभरच्या पाहणीत दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यातल्या ७७ मध्ये अँटिबायोटिकचा अंश मर्यादेपेक्षा जास्त होता. थोडे आहेत म्हणून हसायचं असेल तर हसा. पण ज्या औषधाला ३ दिवस पुरतात आणि ज्याला ७ लागतात, यातला फरक काउंटरवरच कळला तर शेतकरी डॉक्टरांना विचारू तरी शकतो की, साहेब, कमी दिवसांचं दुसरं काही चालेल का. कागद मिळाला तर दूधही वाचतं, हे कुणी लक्षात घेत नाही.

गिधाडांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलीय, तरी एक बाजू सांगतो, ती कमी सांगितली जाते. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर आपल्याकडं बंदी आली. मग काय झालं? माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जायला लागल्या. औषध तेच, कपाट दुसरं. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरती करावी लागली. नऊ वर्षं! या नऊ वर्षांत ती प्रत्येक मोठी बाटली कुठल्यातरी मेडिकलच्या काउंटरवरून गेली. देणाऱ्याच्या पुस्तकात डायक्लोफेनॅक होतं, गिधाड नव्हतं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक जनावरांसाठी बंद झालं. आमच्या पोरीच्या वर्गात तिनं विचारलं, कुणाला माहीत आहे का. दोघांना माहीत होतं, त्यातल्या एकाच्या वडिलांचं मेडिकल आहे.

आता विरोधातलं बोलणं. आमच्या डॉक्टरांशीच माझा वाद झाला, आणि माणूस चांगला आहे म्हणून वाद करण्यात अर्थ होता. त्यांचं म्हणणं, माहिती उघडी केली की प्रत्येक मेडिकलवाला डॉक्टर होईल, आधीच बोगस डॉक्टरांनी वैताग आणलाय. त्यांची भीती खोटी नाही. मेडिकलवाल्यानं रोग ओळखू नये, औषध ठरवू नये, हे मलाही मान्य. पण बोगस डॉक्टर आज पुस्तक वाचून उपचार करतोय का? तो बाटलीचा रंग बघून करतोय. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा आठवा, गावोगावी एकमेकांचं बघून काय काय टोचलं गेलं, काय काय पाजलं गेलं. औषध उघडंच होतं, झाकलेली होती ती माहिती. माणसाच्या औषधाची माहिती फार्मासिस्टला असते म्हणून तो डॉक्टर होत नाही. उलट डॉक्टरांची चिठ्ठी वाचून फोन करून विचारतो की, साहेब, हा आकडा बरोबर आहे ना. गाईच्या डॉक्टरांना असा फोन आलेला नको का?

दुसरं बोलणं, सगळं इंटरनेटवर आहे. काही आहे, खरं आहे. मर्कचं व्हेटरिनरी मॅन्युअल फुकट वाचता येतं. ब्रिटनच्या औषध खात्यानं तिथल्या प्रत्येक मंजूर जनावराच्या औषधाची अधिकृत माहिती नावानं शोधता येईल अशी मांडून ठेवलीय, युरोपनंही ठेवलीय. पण तिथलं औषध तिथल्या नावानं, तिथल्या ताकदीचं, तिथल्या रोगांसाठी. आपल्या संकरित गाईंना गोचीड ताप किती छळतो ते तुम्हाला सांगायला नको. त्यावरचं ब्युपार्वाक्वोन अमेरिकेच्या मंजूर यादीत सापडणार नाही. आपल्याकडच्या दोन-दोन, तीन-तीन औषधांच्या मिश्रणांचं तर विचारूच नका. परक्याच्या पंचांगावर आपली पेरणी होत नाही.

आपल्या सरकारनं काहीच केलं नाही असंही म्हणणार नाही. २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं जनावरांच्या उपचारांची प्रमाणित मार्गदर्शिका काढली, चांगलं काम आहे. पण ती डॉक्टरांसाठी, इंग्रजीत, आणि रोगाप्रमाणं लावलेली. काउंटरवर माणसाच्या हातात रोग नसतो, बाटली असते. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत ६,००० कोटी रुपये घालून नियतकालिकं खुली केली, पण ती सरकारी संस्थांना. आपल्या तालुक्यातलं डी. फार्म. कॉलेज खाजगी विनाअनुदानित आहे, ते त्यात नाही. कृषी आणि पशुवैद्यकीय संस्थांसाठी आयसीएआरची ‘सेरा’ आहे, त्यातही फार्मसीवाले नाहीत. म्हणजे सरकारी रस्ता झाला, आणि आपली वस्ती तेवढी रस्त्याच्या बाहेर राहिली. तसंही खरं सांगू का, त्या पोरीला परदेशी संशोधनपत्रिका नकोच आहेत. तिला त्या घडी घातलेल्या कागदाची सरळ, वाचता येईल अशी प्रत पाहिजे.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैल आणि ५६ लाख म्हशी होत्या. शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या वेगळ्या. एवढ्या जनावरांच्या औषधाची माहिती मागतोय, कुणाचं गुपित मागत नाही. परवाना देताना सरकारनं लेबल तपासलेलंच असतं. ते तपासलेलं लेबल आणि माहितीपत्रक नावानं शोधता येईल असं एका जागी ठेवा, आणि डोस, कधी देऊ नये, दुधाचे दिवस, हाताळणाऱ्यानं घ्यायची काळजी एवढं तरी मराठीत द्या. परभणी, उदगीर, शिरवळ, नागपूर, मुंबई इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आपल्याच पैशावर चालतात, तिथल्या ग्रंथालयात आसपासच्या जिल्ह्यांतल्या फार्मसीच्या पोरांना ओळखपत्रावर बसू द्या. पुस्तक घरी नेऊ देऊ नका, बसू तरी द्या. डी. फार्म.ला ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण असतं, त्यातले ५० तास जनावरांच्या दवाखान्यात घालवायला काय हरकत आहे? अभ्यासक्रम बदलायला दिल्लीत बैठका लागतील, ग्रंथालयाचं दार उघडायला एक परिपत्रक पुरतं. मी तरी आधी परिपत्रकाच्या मागं लागणार आहे.

तोवर एक काम आपण करू शकतो. पोरीच्या कॉलेजच्या ग्रंथपालबाईंनी जनावरांच्या औषधांची फाइल लावायचं कबूल केलंय. माझ्याकडचे तेवीस कागद मी देऊन आलो, त्यातले चार एकाच औषधाचे निघाले. तुमच्या गोठ्यात, कणगीमागं, खुंटीच्या पिशवीत असे कागद असतील तर पेटवायला वापरू नका. पुढच्या शनिवारी बाजारात मी पेंडेच्या दुकानासमोर दहा ते बारा असतो, तिथं आणून द्या. खोकं असेल तर खोक्यासकट. शेणानं डागाळलेला, पावसात भिजलेला चालेल, फक्त औषधाचं नाव, एका मिलीत किती मिलीग्रॅम आणि दुधाचे दिवस हे तीन वाचता आले पाहिजेत. शेळ्या-कोंबड्यांच्या औषधांचे कागद आमच्याकडं एकही नाहीत, ते असतील तर आधी द्या.